उचकी वेगळी, ठसका वेगळा

जेवताना कुणाला काही झालं की आपल्याकडे उपचार ठरलेले: पाण्याचा पेला पुढे करा, पाठीत धपाटे घाला, ‘वर बघ, वर बघ’ म्हणा. कोणीतरी आठवण काढतंय, हे निदानही दोन्हींना तेच. इंग्रजांनीही हा घोळ घातलाय. ‘हिकप’च्या एका स्पेलिंगला त्यांनी खोकल्याचं, म्हणजे ‘कफ’चं शेपूट जोडलं, वाचायचं मात्र हिकपच. ते स्पेलिंग खुशाल विसरा.

उचकी सगळ्यांच्या ओळखीची. भराभर जेवलं, सोडा प्यायला की लागते. श्वासपटल अचानक आखडतं, हवा आत ओढली जाते आणि स्वरयंत्राचं दार फटकन मिटतं. श्वास रोखा, गार पाण्याचे घोट घ्या, चमचाभर साखर गिळा. नाहीतर नुसते बसा, बहुधा थांबतेच. 48 तासांच्या वर टिकली तर डॉक्टर गाठा.

ठसक्यात सगळं उलट. पोह्याचा कण श्वासनलिकेच्या तोंडाशी जातो आणि शरीर जोर लावून हवा बाहेर फेकतं. उचकीत बाहेर काढण्यासारखं काही नसतं, ठसक्यात असतं. म्हणून पाणी नको, तेही त्याच वाटेने जाऊ शकतं. ‘वर बघ’ तर ऐकवत नाही: मान मागे गेली की कण आणखी आत जायची भीती. पुढे वाकू द्या, दणकून खोकू द्या. खोकल्याचा आवाज येतोय तोवर पाठीला हातही लावू नका.

आवाज बंद झाला, बोलता येईना, हात गळ्याशी गेले, तर श्वासच अडकलाय. दुसऱ्या कुणाला तरी 108 लावायला सांगा. माणसाला पुढे वाकवून पाठीवर, खांद्यांमागच्या दोन पसरट हाडांच्या मधोमध, मनगटालगतच्या तळव्याने 5 जोरदार तडाखे द्या. नाही निघालं तर मागून कवेत घेऊन, बेंबीच्या थोडं वर मूठ ठेवून, आत आणि वरच्या दिशेने 5 झटके. असं आलटून पालटून. वर्षाच्या आतल्या बाळाचं पोट अजिबात दाबायचं नाही: हातावर पालथं, डोकं खाली, पाठीवर 5, मग उताणं करून छातीच्या मधल्या हाडावर एका हाताच्या मनगटालगतच्या तळव्याने 5 दाब. न दिसणारा कण बोटाने चाचपू नका, तो आतच ढकलला जातो.

मिरचीच्या फोडणीने लागतो तोही ठसकाच, पण त्यात अडकलेलं काही नसतं. खिडकी उघडा.