ट्रेलर ओढणाऱ्या गाडीचं मागचं सस्पेन्शन : गाडी वर्कशॉपला आणण्याआधी हे वाचा

“गाडी मागून बसते, एक पाटा वाढवून द्या.” सस्पेन्शनच्या कामाला येणाऱ्या बहुतेकांचं पहिलं वाक्य हेच असतं. (पाटा म्हणजे मागच्या स्प्रिंगची पोलादी पट्टी.) गाडी आमच्या दारात रिकामी उभी असते, आणि जिच्यामुळे ती बसते तो ट्रेलर असतो शेतावर, गोडाऊनला, नाहीतर मालवणात बोटीखाली. अशा गाडीला पाटा किती जाडीचा लागेल, मुळात लागेल का, हे कोणीही फक्त बघून सांगू शकत नाही. सांगितलंच तर तो अंदाज असतो, आणि अंदाजाने केलेलं काम महिन्याभरात परत येतं.

म्हणून एकच विनंती, तीही सगळ्यात आधी : ट्रेलर घेऊन या, आणि नेहमी भरता तसा भरून आणा. बोट असेल तर इंजिन, पेट्रोलचा कॅन, नांगर, दोर सगळं जागच्या जागी. जनरेटर असेल तर टाकीत डिझेल घालून. खाण्याच्या स्टॉलचा ट्रेलर असेल तर सिलिंडर, फ्रीज आणि पाण्याचं पिंप यांसकट. दोनशे लिटरचं भरलेलं पिंप म्हणजे २०० किलो, आणि ते दाराजवळ आहे की मागच्या कोपऱ्यात यावर सगळं गणित फिरतं.

बैलगाडी भरणाऱ्याला हे शिकवावं लागत नाही. माल मागे जास्त गेला की गाडी उलार होते, पुढे जास्त आला की बैलांच्या मानेवर येतो. ट्रेलरचंही अगदी तसंच. कपलर, म्हणजे ट्रेलरच्या दांड्याचं टोक, जिथे गाडीच्या मागच्या टो बारवरच्या गोळ्यावर, म्हणजे बॉलवर, बसतो तिथे खाली दाबणारं जे वजन, त्याला आम्ही बॉलवरचं वजन म्हणतो. एका धुऱ्याच्या ट्रेलरला ते भरलेल्या ट्रेलरच्या एकूण वजनाच्या साधारण दहा टक्के हवं. ट्रेलर ७०० किलोचा असेल तर ७० किलोच्या आसपास. टो बारवर आणि गाडीच्या पुस्तकात जी मर्यादा दिलेली असते, तिच्यापुढे मात्र कधीच नाही. फार कमी झालं तर ट्रेलर उलार होऊन वेगात शेपटी हलवायला लागतो. फार जास्त झालं की गाडी मागून बसते, आणि तुम्ही आमच्याकडे येता.

आता कामाचा मुद्दा. समजा बॉलवर १०० किलो आहेत. बोलेरोच्या पुढच्या आणि मागच्या धुऱ्यांतलं अंतर २,६८० मिमी. बॉल मागच्या धुऱ्यापासून सव्वा मीटर मागे धरला तर मागच्या चाकांवर १०० नव्हे, सुमारे १४७ किलो येतात. वरचे ४७ कुठून आले? पुढच्या चाकांवरून उचलले गेले. स्टिअरिंग हलकं वाटणं, घाटाच्या वळणावर गाडी सरळ जाऊ पाहणं, हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यात जाणं, ही सगळी त्या ४७ किलोंची करणी. आणि हे नीट लक्षात घ्या : मागे पाटा घालून किंवा स्प्रिंगला आधार देणारी एअर बॅग फुगवून गाडीची मागची बाजू वर येते, पण पुढच्या चाकांवर ते वजन परत जात नाही. गाडी सरळ दिसायला लागते, इतकंच. पुढे वजन परत आणायचा सोपा उपाय म्हणजे ट्रेलरमधला माल हलवणं, आणि त्यासाठी ट्रेलर समोर लागतो.

कित्येकदा तेवढ्यावरच काम भागतं. बोटीच्या ट्रेलरवर विंचचा (बोट ओढून घ्यायच्या चरकाचा) खांब थोडा पुढेमागे सरकवला, की बोट धुऱ्यावर नीट बसते. चाळीस अश्वशक्तीचं इंजिन ७० किलोच्या वर भरतं आणि टांगलेलं असतं शेवटच्या टोकाला. त्याचा तोल राखायला लोक पेट्रोलचे कॅन आणि नांगर पार पुढच्या टोकाला कोंबतात, आणि दोन वजनं दोन टोकांना असलेला ट्रेलर एकदा हलायला लागला की थांबत नाही. जड माल धुऱ्यावर किंवा जरा पुढे, खाली, बांधून ठेवा. माल हलवून काम भागलं तर आम्ही फक्त तपासणीचे पैसे घेतो. पुढे सस्पेन्शनचं काम निघालं तर ते बिलातून वजा होतात. “नुसतं बघायचे पैसे?” असं कोणी विचारतं तेव्हा आमचं उत्तर हेच, की न लागणारा पाटा विकण्यापेक्षा हे स्वस्त पडतं, तुम्हालाही आणि आम्हालाही.

बॉलवरचं वजन घरीही मोजता येतं. ट्रेलर सपाट जमिनीवर, चाकांना दगड लावून. माणसाचं वजन करायचा काटा कपलरखाली ठेवा, त्यावर लाकडाचा ठोकळा उभा करा; ठोकळ्याची उंची अशी, की कपलर गाडीच्या बॉलइतक्याच उंचीवर येईल. ट्रेलर नाक वर किंवा खाली करून मोजला तर आकडा खोटा येतो. काट्याच्या क्षमतेपेक्षा वजन जास्त वाटत असेल तर एक भक्कम फळी घ्या. तिचं एक टोक विटेवर, दुसरं काट्यावर, आणि कपलर विटेपासून एक फूट व काट्यापासून दोन फूट येईल असा टेका. काटा दाखवेल त्याला तीनने गुणा. फळीचं स्वतःचं वजन आधी वजा करायला विसरू नका. ट्रेलरचं एकूण वजन कोणत्याही वजनकाट्यावर मिळतं.

येण्याआधी उंचीची मापं घेऊन आलात तर आमचा अर्धा तास वाचतो. माप जमिनीपासून घेऊ नका, टायरमधल्या हवेने ते बदलतं. चाकाच्या मध्यापासून सरळ वर मडगार्डच्या काठापर्यंत घ्या, चारही चाकांना. आधी रिकामी गाडी, मग माणसं आणि सामान भरून, मग ट्रेलर जोडून. दर वेळी गाडी थोडी पुढेमागे ढकलून मगच टेप लावा, नाहीतर स्प्रिंग अडकून राहिलेली असते आणि माप पाच-दहा मिलिमीटरने चुकतं. आम्ही मागच्यापेक्षा पुढचा आकडा आधी बघतो. मागे ४० मिमी बसणं भरलेल्या गाडीला साहजिक आहे. पण पुढे २० मिमीच्या वर उचलली गेली असेल, तर आम्ही स्प्रिंगला हात लावण्याआधी ट्रेलरचा माल हलवायला सांगू.

पाट्याच्या गाड्या

बोलेरो, पिकअप, जुनी थार, हायलक्स, व्ही-क्रॉस या गाड्यांना मागे पाटे आहेत. इथे “जाड पाटा घाला” ही फर्माईश फार येते. पाट्याचा कडकपणा जाडीच्या घनाने वाढतो. ६ मिमीच्या जागी ८ मिमीचा पाटा म्हणजे तो एक पाटा सव्वादोन पटींहून जास्त कडक. वर्षातले वीस दिवस ट्रेलर आणि बाकीचे दिवस घरची माणसं, अशी गाडी असेल तर मागच्या सीटवरचे लोक आठवड्यात तक्रार करतात, आणि तो पाटा काढायला तुम्ही परत येता. म्हणून आम्ही शक्यतो खालच्या बाजूने कमी कमानीचा हेल्पर पाटा घालतो. गाडी रिकामी असताना तो वरच्या पाट्याला नीट टेकतही नाही. वजन आलं की मगच काम करतो. त्याची जाडी आणि कमान ठरवायलाच तुमची मापं लागतात.

भंगारातला दुसऱ्या गाडीचा पाटा आम्ही घालत नाही. जुने पाटे ठोकून कमान चढवून देण्याचं कामही बंद केलंय. ते काही महिन्यांत परत बसतात, आणि नाव आमचं जातं.

यू-बोल्ट (पाटे धुऱ्याला आवळून धरणारे यू आकाराचे बोल्ट) प्रत्येक वेळी नवे घेतो, यावर बिल बघून बरेच जण नाक मुरडतात. यू-बोल्ट आवळला की त्याचा आटा ताणला जातो. काढून परत लावला तर तो तेवढी पकड धरत नाही. हौसिंग (धुऱ्याचं कवच) पाट्यावर सरकतं, पाटे मधोमध एकत्र धरणारा सेंटर बोल्ट तुटतो, आणि मग मागचा धुराच तिरका चालतो. पाटा वाढला की यू-बोल्टही लांब लागतो, तेव्हा जुना वापरायचा प्रश्नच येत नाही. शॅकलचे (पाट्याच्या टोकाच्या झुलत्या कडीचे) आणि पुढच्या पिनचे बोल्ट आम्ही गाडी जॅकवर असताना पूर्ण आवळत नाही. गाडी स्वतःच्या वजनावर जमिनीवर उतरली, की मगच. हवेत आवळले तर बुशाचं रबर आधीच पीळ खाऊन बसतं आणि दोन-चार महिन्यांत फाटतं. संध्याकाळी गाडी मागितली तर “उद्या सकाळी” म्हणतो, त्यामागे हेही एक कारण आहे.

कॉइलच्या गाड्या

स्कॉर्पिओ, फॉर्च्युनर, नवी थार, गुरखा. इथे दोन रस्ते. ट्रेलर कायम जोडलेला असेल तर जाड तारेची कॉइल. १३ मिमीच्या तारेऐवजी १४ मिमी, बाकी माप तेच, तर कॉइल सुमारे ३५ टक्के कडक होते. तिच्यासोबत मागचे शॉकअप बदलणं आलंच, कारण जुना शॉकअप कडक कॉइलची उसळी आवरू शकत नाही. स्पीडब्रेकरवरून उतरल्यावर गाडी दोन-तीनदा नाचते. शॉकअप जोडीनेच बदलतो. एकच बदलून मागणाऱ्यांना नम्र नकार.

ट्रेलर अधूनमधून असेल तर कॉइलच्या आत बसणारी हेल्पर एअर बॅग. (अपघातात फुगते ती नव्हे.) आम्ही बसवतो त्या बॅगेत कमीत कमी ५ आणि जास्तीत जास्त ३५ पीएसआय हवा. ट्रेलर नसतानाही ५ च्या खाली जाऊ देऊ नका. रिकामी बॅग कॉइलमध्ये चिमटली जाते आणि घडीवर फाटते. पेट्रोल पंपावरच्या मशीनने भरू नका. बॅग लहान, मशीन जोरकस, दोन सेकंदांत ती मर्यादेबाहेर जाते. सायकलचा पंप आणि चांगला गेज पुरतो. गेज लावल्यावर दर वेळी थोडी हवा जाते, ती धरून चाला.

डाव्या-उजव्या बॅगेच्या नळ्या टी जोडून एकाच व्हॉल्व्हवर आणा, असं बरेच जण सुचवतात, दोनशे रुपये वाचतात म्हणून. वळणावर बाहेरच्या बॅगेतली हवा आतल्या बॅगेत पळते आणि गाडी अजून झुकते. आम्ही दोन व्हॉल्व्हच ठेवतो. नळी सायलेन्सरपासून लांब, आणि जिथे जवळून न्यावीच लागते तिथे पत्र्याची आड.

कॉइलच्या वेटोळ्यांत अडकवायचे रबराचे बफर ऑनलाइन घेऊन येणाऱ्यांसाठी : ते आम्ही बसवत नाही, मजुरी दिलीत तरी. बफर एक वेटोळं बंद पाडतो, उरलेल्यांवर ताण वाढतो. रबराच्या कडेला धूळ-पाणी साचून रंग घासतो, गंज धरतो, आणि कॉइल बरोबर तिथेच मोडते.

ब्रेक आणि हेडलाइट

काही गाड्यांत मागच्या ब्रेकचा दाब कमीजास्त करणारा व्हॉल्व्ह असतो. त्याची दांडी हौसिंगला जोडलेली असते. गाडी बसली की त्याला कळतं, वजन आलंय, मागे ब्रेक जास्त द्या. सस्पेन्शन उचलून दांडी तशीच ठेवली तर व्हॉल्व्ह समजतो गाडी रिकामी आहे, आणि ट्रेलर मागे असतानाच मागचा ब्रेक कमी मिळतो. बाहेर पाटे वाढवून आलेल्या बऱ्याच गाड्यांत ही दांडी कुणी बघितलेलीच नसते. आम्ही ती पुन्हा जुळवतो, हेडलाइटही, आणि त्याचे वेगळे पैसे लावत नाही.

७५० किलोच्या वरच्या ट्रेलरला त्याचे स्वतःचे ब्रेक हवेत, असं आमचं स्पष्ट मत आहे. करूळ किंवा फोंडा घाट उतरताना मागून ढकलणारं वजन गाडीच्या ब्रेकवर टाकू नका. चढताना जो गिअर लागेल तोच उतरताना ठेवा. ट्रेलर हलायला लागला तर स्टिअरिंग सरळ धरून फक्त अॅक्सिलरेटर सोडा. ब्रेक मारून किंवा वेग वाढवून तो सरळ करायला जाऊ नका.

आमच्या कामाने गाडीची कागदोपत्री भारक्षमता एक किलोनेही वाढत नाही. आरसीवरचं एकूण वजन तेच, टायरची आणि धुऱ्याची मर्यादा तीच. “आता दोन टन ओढेल ना?” याला उत्तर नाही असंच. ट्रेलरलाही आरटीओची स्वतंत्र नोंदणी लागते. ती नसेल तर आधी ते काम करा.

काम झाल्यावर ५०० किलोमीटरला गाडी एकदा दाखवून जा. नवे यू-बोल्ट बसतात, ते पुन्हा टॉर्क रेंचने आवळावे लागतात. वीस मिनिटांचं काम, मोफत. न येणाऱ्यांचा सेंटर बोल्ट तुटला तर तो मात्र वॉरंटीत धरत नाही.

येताना बरोबर : भरलेला ट्रेलर, गाडीची आणि ट्रेलरची आरसी, घेतलेली मापं, आणि बॉलचं माप. बॉलवर ५० मिमी लिहिलेलं असतं, काहींवर २ इंच. दोन इंच म्हणजे ५०.८ मिमी, दोन इंची बॉल ५० च्या कपलरमध्ये नीट बसत नाही, आणि ५० चा बॉल दोन इंची कपलरमध्ये खडखडतो. जोडी जुळत नसेल तर आधी फोटो पाठवा, बॉल काढून ठेवतो. ट्रेलर आवारात वळवायला जागा लागते, म्हणून सकाळी नऊच्या आत आलात तर बरं. दहानंतर आमच्या उद्यमनगरच्या गल्लीत ट्रेलर मागे घेणं हे सस्पेन्शनपेक्षा अवघड काम आहे.