माग एक, गाव दोन: सोलापूरचे पद्मशाली आणि मालेगावचे मोमीन

सोलापूरच्या पूर्व भागातील जुन्या घरांमध्ये वडीलधारी माणसे मागाला आजही ‘मग्गम’ म्हणतात, आणि मालेगावात त्याच मागाला ‘करघा’ म्हणतात. पहिला शब्द तेलंगणातून आला, दुसरा आजच्या उत्तर प्रदेशातून. ज्यांनी हे शब्द आणले त्यांची चौथी-पाचवी पिढी आता महाराष्ट्रातच जन्मलेली आहे. पद्मशाली आणि मोमीन अन्सारी हे दोन्ही पिढीजात विणकर समाज साधारण एकाच शतकात, बऱ्याच अंशी एकाच कारणाने घरदार सोडून निघाले आणि दोन वेगळ्या गावांत स्थिरावले. त्यामुळे त्यांच्या आजच्या आर्थिक-सामाजिक परिस्थितीची तुलना करण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. मात्र अशी तुलना निघाली की ती फार लवकर स्वभावावर घसरते. एक समाज काटकसरी, दुसरा शिक्षणाकडे पाठ फिरवणारा, असे शेरे मारले जातात आणि चर्चा तिथेच संपते. सोलापुरात वाढलेला आणि आकडेमोड शिकवण्यात आयुष्य घालवलेला माणूस म्हणून मला हे शेरे नेहमीच खटकत आले आहेत, कारण ज्या प्रश्नाचे उत्तर शोधायचे असते, त्यालाच ते उत्तर म्हणून पुढे करतात.

आधी सरासरीचा सापळा समजून घेऊ. समजा, दोन समाजांत प्रत्येकी १०० कुटुंबे आहेत. दोन्हींकडे मागमालकाचे कुटुंब महिन्याला ५०,००० रुपये मिळवते आणि मजुराचे १५,००० रुपये. पहिल्या समाजात मालक २० आहेत, दुसऱ्यात ५. हिशेब केला तर पहिल्याची सरासरी २२,००० रुपये येते आणि दुसऱ्याची १६,७५०. एवढ्यावरून पहिला समाज सुस्थितीत आहे असे छापून येईल. प्रत्यक्षात दोन्हीकडच्या मजुराच्या हातात पडणाऱ्या पैशांत एका रुपयाचाही फरक नाही. शिवाय ते १५,००० रुपये एका माणसाच्या बारा तासांतून आले की नवरा-बायको दोघांच्या मिळून बावीस तासांतून, हे सरासरी कधीच सांगत नाही. म्हणून समाजाची तुलना करणाऱ्याने आधी विचारायला हवे की आपण कोणाची कोणाशी तुलना करतो आहोत: मालकाची मालकाशी, मजुराची मजुराशी, की एकीकडच्या मालकाची दुसरीकडच्या मजुराशी. २००६ च्या सच्चर समितीने मुस्लिम समाजाचे आकडे मांडताना त्यातील इतर मागासवर्गीय गट वेगळे काढून दाखवले, त्यामागे हीच काळजी होती.

आता प्रवासाकडे पाहू. इंग्लंडच्या गिरण्यांचे स्वस्त कापड आणि सूत देशभर पसरले, तसा तेलंगणातील आणि गंगेच्या खोऱ्यातील हातमागवाला सारखाच भरडला गेला. उत्तरेत १८५७ च्या उठावानंतरची धरपकड आणि अस्थिरता यांची त्यात भर पडली. मऊ, आझमगड, अलाहाबाद, बनारस या भागांतली मोमीन कुटुंबे दक्षिणेकडे निघाली. त्यांतली अनेक कुटुंबे आग्रा रस्त्याने येत मोसम नदीकाठच्या मालेगावात थांबली. इकडे निजामाच्या मुलखातले पद्मशाली विणकर सोलापूरकडे वळले. येथे मुंबईहून येणारी रेल्वे १८६० साली पोचली होती, आणि १८७४ साली वाडी जंक्शनहून सिकंदराबादपर्यंत निजामाची रेल्वे सुरू झाल्यावर तेलंगणातल्या माणसाला एक गाडी बदलून सोलापूर गाठणे शक्य झाले. पुढे १८७६ ते १८७८ चा दुष्काळ पडला आणि त्याच सुमारास, १८७७ मध्ये, सोलापुरातली पहिली कापड गिरणी, आमची जुनी मिल, सुरू झाली. एकाने यायचे, भावाला बोलवायचे, भावाने मेहुण्याला आणायचे, अशी ही साखळी होती. मालेगावातही साखळी हीच होती.

रेल्वे हा मुद्दा वरवर दिसतो त्याहून मोठा आहे असे मला वाटते, म्हणून त्यावर थोडे थांबतो. मालेगाव शहरात आजही रेल्वे स्थानक नाही. गाडी पकडायची तर मनमाडला जावे लागते. ज्या गावात सूत रस्त्याने येते आणि कापड रस्त्यानेच जाते, त्या गावात मोठ्या भांडवलाच्या गिरण्या येणे अवघड असते. सोलापुरात जुनी मिल, नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू अशा गिरण्या उभ्या राहिल्या आणि भोंग्यावर चालणारे एक शहर तयार झाले. मालेगावात हे घडले नाही. तिथे माग घरात राहिला, मग घराच्या मागच्या शेडमध्ये गेला. गिरणीतले काम सुखाचे होते असे कोणी म्हणणार नाही, पण गिरणीने हजेरीपट, संघटना, संप, वेतनाची पाहणी आणि न्यायालयात जाण्याची सवय या गोष्टी शहराला दिल्या. गोखले अर्थशास्त्र संस्थेत धनंजयराव गाडगीळांनी सोलापूरच्या सामाजिक-आर्थिक स्थितीचा अभ्यास केला. जुन्या मिलचा ताबा सरकारने घेतला तेव्हाचा खटला १९५० साली सर्वोच्च न्यायालयात गाजला. कामगार हा मोजण्याचा आणि भांडण्याचा विषय आहे, हे सोलापूरला फार लवकर कळले.

दुसरा फरक मालाचा आहे. मालेगावचा विणकर सुरुवातीला मराठी बायकांच्या रंगीत साड्या विणत असे. यंत्रमाग आले तसे तिथले उत्पादन कोऱ्या कापडाकडे सरकले. हे कापड मागावरून उतरल्यावर रंगाई-छपाईसाठी पाली, बालोत्रा अशा दूरच्या गावी जाते आणि त्यावर मालेगावचे नाव कुठेही राहत नाही. कोरे कापड कोणाचेही असले तरी सारखेच असते, त्यामुळे भाव विणणाऱ्याच्या हातात नसतो. सूत उधारीवर देणारा आणि कापड उचलणारा व्यापारीच तो ठरवतो. सोलापुरात मात्र जॅकार्डवर नक्षी उठवलेली चादर आणि टेरी टॉवेल हा थेट गिऱ्हाइकाच्या हाती जाणारा तयार माल होता. चादरीवर सोलापूरचे नाव होते, पुढे तिला आणि टॉवेलला भौगोलिक मानांकनही मिळाले. या फरकाचा फायदा प्रामुख्याने कारखानदार पद्मशाली घराण्यांना झाला. त्यांच्या हाती आलेल्या पैशातून शाळा, वसतिगृहे, मार्कंडेय मंदिराभोवतीच्या संस्था उभ्या राहिल्या, आणि त्या शाळांत मजुरांची मुलेही शिकली, हे नमूद करायला हवे. मालेगावातही मोमीन समाजाने उर्दू शाळा आणि महाविद्यालये स्वबळावर उभारली, मुलींच्या शिक्षणासाठी स्वतंत्र संस्था काढल्या. त्यामुळे शिक्षणाची आस एकीकडे होती आणि दुसरीकडे नव्हती, हे म्हणणे टिकत नाही. माध्यमाचा फरक मात्र पडला. सोलापूरच्या पद्मशाली मुलांनी घरी तेलुगू ठेवून बहुतांशी मराठीत शिक्षण घेतले, इतके की आज अनेकांना तेलुगू बोलता येते पण लिपी वाचता येत नाही. मराठीतून चालणाऱ्या सरकारी भरतीत याचा उपयोग झाला असणार. किंमतही मोजावी लागली, ती आजीची पत्रे वाचायला कोणी उरले नाही या रूपात.

तरीही हे दोन्ही फरक मजुराच्या घरापर्यंत फारसे पोचत नाहीत. सोलापूरचा यंत्रमाग कामगार आणि मालेगावचा यंत्रमाग कामगार यांना समोरासमोर उभे केले तर कपड्यांवरचे सुताचे तंतू, खटखटाटाने मंदावलेले कान, बारा तासांची पाळी आणि नगावर मिळणारी मजुरी यांत डावे-उजवे करता येत नाही. १९४८ च्या मूळ कारखाने कायद्यानुसार विजेवर चालणाऱ्या ठिकाणी दहा कामगार असले की तो कारखाना ठरत असे, म्हणून एकाच छपराखालचे माग घरातल्या चार जणांच्या नावांवर वाटून दाखवण्याची पद्धत यंत्रमागाच्या गावांत रुळलेली आहे. कागदावर कामगार तेवढे होतच नाहीत, आणि वीस कामगारांपासून लागू होणारा भविष्य निर्वाह निधीही त्यांना मिळत नाही. दोघांच्याही खिशात आपण अमुक ठिकाणी काम करतो असे सांगणारा कागद नसतो.

फरक पडतो तो त्या कामगाराच्या बायकोपाशी. सोलापूरच्या पूर्व भागात दुपारी कोणत्याही बोळात शिरा. उंबऱ्याशी मांडीवर सूप घेऊन बसलेली बाई दिसेल. रात्रभर ओल्या फडक्यात ठेवलेले टेंभुर्णीचे पान ती पत्र्याच्या मापाबरहुकूम कापते, चिमटीने तंबाखू भरते, पान वळते, बोटाने तोंड दुमडते आणि दोरा गुंडाळते. नजर दाराबाहेर खेळणाऱ्या पोराकडे असते, हात थांबत नाहीत. संध्याकाळी विड्या कारखान्यात नेऊन द्यायच्या, तिथे तपासणारा त्यांतल्या काही बाजूला काढतो, आणि त्यांची मजुरी मिळत नाही. या बाजूला काढण्यावरून रोज वाद होतात, बायका त्याबद्दल चिडून बोलतात, आणि त्यांचे चिडणे रास्त आहे.

पण याच बाजूला काढण्याने एक विलक्षण गोष्ट घडवली. १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने घरी बसून विड्या वळणाऱ्यांना कामगार मानले होते. १९७७ मध्ये भविष्य निर्वाह निधीचा कायदाही विडी उद्योगाला लागू झाला, तेव्हा कारखानदार न्यायालयात गेले. घरी बसून, आपल्या सवडीने काम करणारी बाई आमची नोकर कशी, असा त्यांचा प्रश्न होता. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली उत्तर दिले की विडी नाकारण्याचा अधिकार ज्याच्याकडे आहे त्याचे त्या कामावर नियंत्रण आहे, आणि नियंत्रण आहे म्हणजे ती त्याची कामगार आहे. ज्या अधिकाराने तिची मजुरी कापली जात होती, त्याच अधिकाराने तिची नोकरी सिद्ध झाली. मला हा निकाल वाचताना दर वेळी भरून येते.

त्या ओळखीतून पुढच्या गोष्टी आल्या. विडी कामगार म्हणून ओळखपत्र, म्हणजे कार्ड, आले. १९७६ च्या कल्याण निधीतून दवाखाने आणि मुलांच्या शिष्यवृत्त्या आल्या. विड्यांवरच्या उपकरातून तो निधी भरत असे, २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा तो उपकर संपला. सोलापूरजवळच्या कुंभारी येथे महिला विडी कामगारांसाठी गोदूताई परुळेकर वसाहतीची १०,००० घरे उभी राहिली, ती २००६ साली पंतप्रधानांच्या हस्ते दिली गेली. त्यामागे नरसय्या आडम यांच्यासारख्या नेत्यांनी बायकांना घेऊन केलेली वर्षानुवर्षांची आंदोलने होती. या सगळ्याने सुबत्ता आली असे मी म्हणणार नाही. हजार विड्यांची मजुरी तुटपुंजी आहे, तंबाखूच्या धुळीने छाती आणि बसून बसून कंबर जाते, आणि २०१४ पासून ठरलेले किमान निवृत्तिवेतन दरमहा १,००० रुपये एवढेच आहे. पण पक्के छप्पर असले की आजारपणात घर विकावे लागत नाही, आणि दहावीनंतर मुलीला लगेच कामाला बसवावे लागत नाही. गरिबीची पुढची पिढी बनण्याचा वेग तिथे मंदावतो.

मालेगावच्या मजुराच्या घरातली बाईही काम करत आली आहे. हातमागाच्या काळात कांड्या भरणे, म्हणजे विणण्यासाठी सूत कांड्यांवर गुंडाळणे, घरातल्या बायकांकडेच असे. परंतु ते काम नवऱ्याच्या मजुरीत जमा होत असे, तिच्या नावावर कधी लागले नाही. पाहणी करणारा दारात येतो, काय काम करता विचारतो, ती म्हणते, ‘कुछ नहीं, घर में ही रहती हूँ’, आणि रकान्यात ‘गृहिणी’ लिहिले जाते. त्या आकड्यांवरून मग कोणी लिहितो की या समाजात स्त्रिया काम करत नाहीत.

फरक समाजाच्या स्वभावाने नव्हे, तर कामाला मिळालेल्या ओळखीने पडतो, या माझ्या म्हणण्याची परीक्षा कशी घ्यायची? त्यासाठी भिवंडीला जावे. तिथे मोमीन विणकर आहेत आणि पद्मनगरात तेलंगणातून आलेले पद्मशालीही आहेत. गाव तेच, वीज तीच, बहुतांशी कोरे कापडही तेच. समाजाच्या स्वभावाने फरक पडत असता तर तो तिथे ठळक दिसायला हवा होता. तिथला पद्मशाली मजूर मात्र उत्तरेकडून आलेल्या मजुराच्या शेजारच्या मागावर, त्याच पाळीत, तशाच कागदाविना उभा आहे. याहून जवळची परीक्षा हवी असेल तर सोलापुरातलेच एक घर पाहावे. नवरा मागावर, बायको विडीवर. जात एक, भाषा एक, देव एक, चूलही एक. तरी तिच्याकडे कार्ड आहे, खाते आहे, घरकुलाच्या यादीत नाव आहे, आणि नवऱ्याकडे यातले काही नाही. दोन समाजांत जी दरी आपण शोधत होतो, ती एका चटईवर बसलेल्या दोन माणसांमध्येही सापडते.

एक अपुरेपण या तुलनेत राहतेच. जे निघून गेले ते मोजणीत नाहीत. सोलापूरचे शिकलेले पद्मशाली तरुण पुण्याला आणि हैदराबादला गेले, मालेगावचे मुंबईला आणि आखाताकडे. मागे राहिलेल्यांवरून समाज जोखला तर तो असतो त्याहून गरीब दिसतो. आणि मुळात जे आलेच नाहीत, सिरसिल्लाच्या यंत्रमागांवर राहिलेले पद्मशाली आणि मुबारकपूरच्या रेशमी करघ्यांवर राहिलेले अन्सारी, त्यांच्याशी ताडून पाहिल्याशिवाय स्थलांतराने काय दिले हे पुरते कळणार नाही.

आता सोलापुरातही सुपे कमी होत चालली आहेत. मुली विडीवर बसत नाहीत, गारमेंटमध्ये किंवा दुकानात जातात, आणि तिथे कार्ड मिळेलच असे नाही. कुंभारीतल्याच रे नगर या कामगार वसाहतीच्या ३०,००० घरांपैकी १५,००० घरांच्या किल्ल्या जानेवारी २०२४ मध्ये दिल्या गेल्या, त्यांत विडीबरोबर यंत्रमाग आणि इतर असंघटित कामांतली माणसेही आली. दर नोव्हेंबरात वयस्क बायका हयातीचा दाखला देण्यासाठी रांगेत उभ्या असतात. यंत्रावर अंगठा ठेवायचा असतो. चाळीस वर्षे पान दुमडून बोटांच्या रेषा झिजलेल्या, त्यामुळे अंगठा उमटत नाही. समोरचा म्हणतो, ‘आजी, हात पुसून परत ठेवा.’ त्या पदराला हात पुसतात, परत ठेवतात, मग दुसऱ्या हाताचा ठेवतात.