मोठे दिसणे वेगळे, तपशील दिसणे वेगळे

एखादी वस्तू किती मोठी दिसते हे तिच्या खऱ्या आकारावर नव्हे, तर ती डोळ्याशी किती मोठा कोन करते त्यावर ठरते. चंद्राचा व्यास सुमारे ३,४७५ किमी आहे, पण आपल्या डोळ्याशी तो जेमतेम अर्ध्या अंशाचा कोन करतो. हात लांब करून धरलेल्या करंगळीआड तो सहज झाकला जातो. डोळ्याची मर्यादाही कोनातच मोजतात. चांगल्या दृष्टीला सुमारे १ मिनिट, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाइतक्या कोनावर असलेले दोन ठिपके वेगळे ओळखता येतात. २५ सेंमीवरून, म्हणजे डोळ्याला आरामात स्पष्ट दिसणाऱ्या जवळच्या अंतरावरून पाहताना हा कोन ०.०७ मिमीचा होतो. त्याहून बारीक काही पाहायचे असेल तर कोन वाढवायला हवा.

त्याचा सर्वात सोपा मार्ग म्हणजे वस्तू जवळ आणणे. ५ सेंमीवर आणली तर २५ सेंमीच्या मानाने ती पाचपट मोठी दिसायला हवी. तशी ती दिसतेही, पण धूसर, कारण इतक्या जवळून पसरत येणारे किरण दृष्टिपटलावर एकत्र आणणे डोळ्याच्या भिंगाला जमत नाही. मध्ये ५ सेंमी नाभीय अंतराचे, म्हणजे समांतर किरण आपल्यापासून ५ सेंमीवर एकत्र आणणारे, बहिर्गोल भिंग धरले की किरण वळवण्याचे उरलेले काम ते करते आणि चित्र स्वच्छ होते. भिंग वस्तू मोठी करते असे आपण म्हणतो. खरे तर ते डोळ्याला वस्तूच्या जवळ जाऊ देते. त्यामुळे हिशेबही सोपा आहे: २५ सेंमीला नाभीय अंतराने भागायचे. २.५ सेंमीचे भिंग १० पट दाखवते. सतराव्या शतकात डच निरीक्षक लेवेनहूकने मण्याएवढ्या एकाच भिंगातून जीवाणू पाहिले. त्याच्या आज उरलेल्या सूक्ष्मदर्शींपैकी सर्वात ताकदवान सूक्ष्मदर्शी सुमारे २७० पट मोठे दाखवतो, म्हणजे त्याचे नाभीय अंतर १ मिमीहूनही थोडे कमी आहे. इतके इवलेसे भिंग डोळ्याला जवळजवळ चिकटवून धरावे लागते, ही एका भिंगाची अडचण.

दोन भिंगे वापरली की काम वाटून घेता येते. संयुक्त सूक्ष्मदर्शीत वस्तूजवळचे पदार्थभिंग नळीत वस्तूची वास्तव, उलटी आणि मोठी प्रतिमा तयार करते. ही प्रतिमा आपण नेत्रिकेतून पाहतो, आणि नेत्रिका म्हणजे वर सांगितलेले साधे भिंगच. पदार्थभिंग ४० पट आणि नेत्रिका १० पट असेल तर एकूण ४०० पट. ही प्रतिमा पडद्यावर नसून नळीतल्या हवेत असते, म्हणून तिच्याजवळ हवे तितके जाता येते.

दुर्बिणीत रचना तीच, पण पहिला टप्पा नेमका उलटा आहे. ९०० मिमी नाभीय अंतराचे पदार्थभिंग चंद्राची सुमारे ८ मिमीची प्रतिमा तयार करते. हजारो किलोमीटरचा गोल नखाहून लहान झाला! तरीही फायदा होतो, कारण ती ८ मिमीची प्रतिमा आपल्या हाताशी असते. नुसत्या डोळ्याने ती २५ सेंमीवरून पाहिली तरी आकाशातल्या चंद्राच्या ३.६ पट मोठी दिसेल. २५ मिमीच्या नेत्रिकेतून ती आणखी १० पट, म्हणजे एकूण ३६ पट दिसते. पुस्तकातले सूत्र, पदार्थभिंगाचे नाभीय अंतर भागिले नेत्रिकेचे नाभीय अंतर, याच हिशेबाचे आटोपशीर रूप आहे. गुरू पृथ्वीच्या जवळ असताना सुमारे ५० सेकंदांचा (सेकंद म्हणजे मिनिटाचा साठावा भाग) कोन करतो. ३६ पटीला तो नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या चंद्राएवढा दिसू लागतो. सूर्याखेरीज इतर तारे मात्र इतके दूर आहेत की कितीही पट लावली तरी छोट्या दुर्बिणीत त्यांची तबकडी दिसत नाही.

सूत्र पाहिले की नेत्रिका बदलून पट हवी तितकी वाढवावी असे वाटते. फसगत इथेच होते. ७० मिमी व्यासाच्या, ९०० मिमी नाभीय अंतराच्या दुर्बिणीला ४ मिमीची नेत्रिका आणि तिप्पट करणारे बार्लो भिंग लावले तर कागदावर ६७५ पट येते. पण पदार्थभिंगाने गोळा केलेला प्रकाश तेवढाच राहतो. ३६ पटीच्या तुलनेत तो साडेतीनशे पट क्षेत्रावर पसरतो आणि चित्र अंधारते. त्याहून मूलभूत अडचण प्रकाशाच्या तरंगरूपाची आहे. गोल भिंगातून आलेला प्रकाश विवर्तनामुळे, म्हणजे कडेशी तरंग पसरल्यामुळे, एका बिंदूत कधीच मिळत नाही, त्याची छोटी तबकडी बनते. भिंगाचा व्यास जितका मोठा तितकी ही तबकडी लहान. ७० मिमीच्या भिंगात सुमारे २ सेकंदांपेक्षा जवळचे दोन तारे मिसळून जातात, आणि पट वाढवली की ही तबकडीच मोठी दिसते. म्हणून दर मिलिमीटर व्यासाला २ पट हा अनुभवाचा नियम धरतात: ७० मिमीला १४० पट. मोठ्या दुर्बिणीतही वरच्या वातावरणाची थरथर बहुतेक रात्री तपशील १ ते २ सेकंदांवरच अडवते. दुर्बीण विकत घेताना खोक्यावर छापलेल्या पटीपेक्षा भिंगाचा व्यास आणि तिपाईचा भक्कमपणा पाहावा, असे आमचे ठाम मत आहे.

सूक्ष्मदर्शीत व्यासाऐवजी महत्त्व आहे ते नमुन्यापासून भिंग प्रकाशाचा किती रुंद शंकू पकडते याला. त्याचे माप म्हणजे न्यूमरिकल अपर्चर. पदार्थभिंगावर पटीशेजारी हा आकडा कोरलेला असतो: १०/०.२५, ४०/०.६५, १००/१.२५. प्रकाशाच्या तरंगलांबीला ०.६१ ने गुणून या आकड्याने भागले की वेगळे दिसू शकणारे किमान अंतर मिळते. हिरव्या प्रकाशात ०.६५ च्या भिंगाला ते सुमारे ०.५२ मायक्रोमीटर आहे, तर १.२५ च्या भिंगाला ०.२७. आता ४० च्या भिंगावर २५ पटीची नेत्रिका लावा किंवा १०० च्या भिंगावर १० पटीची, दोन्हीकडे १,००० पटच होते. पण दुसऱ्यात जवळजवळ निम्म्या अंतरावरचे तपशील सुटे दिसतात. पहिल्यात वाढलेला आकार पोकळ आहे.

१०० च्या भिंगाला तेल लागते तेही या शंकूसाठीच. काचेतून हवेत येताना सुमारे ४१ अंशांपेक्षा तिरपे किरण पूर्ण परावर्तित होऊन काचेतच अडकतात. काचेसारख्याच, सुमारे १.५१५ अपवर्तनांकाचे (अपवर्तनांक म्हणजे प्रकाश वळवण्याच्या क्षमतेचे माप) तेल मध्ये भरले की ते न वळता सरळ भिंगात पोचतात. एक थेंब पुरतो, पण त्यात बुडबुडा राहिला तर चित्र धुरकट होते. तेल लावल्यावर ४० चे भिंग परत फिरवून आणू नये, कारण ते कोरड्या वापराचे असते आणि तेल लागले की त्यातून सगळे पुसट दिसते.

पाहायला सुरुवात नेहमी ४ किंवा १० च्या भिंगाने करावी. बाजूने पाहत नमुना ठेवण्याचा मंच वर घ्यावा आणि मग नेत्रिकेतून पाहत मोठ्या चाकाने मंच भिंगापासून दूर नेत चित्र स्पष्ट करावे. उलट दिशेने गेल्यास काच फुटण्याचा आणि भिंगावर ओरखडा पडण्याचा धोका असतो. ४० च्या भिंगाखाली मोकळी जागा साधारण अर्धा-पाऊण मिलिमीटर असते, तिथे फक्त बारीक चाक वापरावे. १० ने दिसणारे चित्र ४० ने काही केल्या स्पष्ट होत नसेल, तर काचपट्टी बहुधा उलटी ठेवलेली असते. मग मध्ये ०.१७ मिमीच्या कव्हरस्लिपऐवजी १ मिमीची काच येते आणि भिंग नमुन्यापर्यंत पोचतच नाही. कंडेन्सरखालची, म्हणजे मंचाखाली नमुन्यावर प्रकाश एकवटणाऱ्या भिंगाखालची, झडप फार मिटणे ही आणखी एक नेहमीची चूक. कडा ठळक दिसतात म्हणून ते आवडते, पण शंकू अरुंद झाल्याने तपशील जातो. नेत्रिका काढून नळीत डोकावावे आणि प्रकाशाचे वर्तुळ दोन तृतीयांश ते तीन चतुर्थांश भरेल इतकी झडप उघडी ठेवावी.

रंगांचा त्रास दोन्ही उपकरणांना होतो. काच निळा प्रकाश तांबड्यापेक्षा जास्त वळवते. साध्या क्राउन काचेच्या ९०० मिमी भिंगात या दोन रंगांच्या नाभी सुमारे १५ मिमी अंतरावर पडतात, म्हणून चंद्राच्या कडेला जांभळी किनार दिसते. भिंग कमी वक्र ठेवले की हा दोष कमी जाणवतो. त्यामुळे सतराव्या शतकात दुर्बिणी लांबतच गेल्या, आणि खगोलशास्त्रज्ञ हेवेलियसची दुर्बीण तर सुमारे ४६ मीटरची होती. लंडनचा भिंगकार जॉन डॉलंड याने १७५८ मध्ये पेटंट घेतलेल्या जोडभिंगाने वाट मोकळी केली. त्यात क्राउन काचेच्या बहिर्गोल भिंगाला फ्लिंट काचेच्या अंतर्गोल भिंगाची जोड दिलेली असते. फ्लिंट रंग जास्त फाकवते, म्हणून कमी ताकदीचे अंतर्गोल भिंगही रंग परत जुळवते आणि एकत्र आणण्याची बरीच शक्ती शिल्लक राहते. सूक्ष्मदर्शीच्या भिंगांत हे नीट साधायला १८३० उजाडले, जोसेफ जॅक्सन लिस्टरच्या कामामुळे.

हे सगळे दोन भिंगांतही पडताळता येते. चष्म्याचे +२ नंबरचे भिंग म्हणजे ५० सेंमी नाभीय अंतर. लांबच्या खिडकीची प्रतिमा भिंतीवर पाडून ते मोजून घ्यावे. नेत्रिकेसाठी २५ मिमीचे भिंग घ्यावे. दोघांत ५२.५ सेंमी अंतर ठेवल्यास २० पट मिळते. एकात एक सरकणाऱ्या दोन पुठ्ठ्याच्या नळ्या घ्याव्यात, आतून त्यांना चमक नसलेला काळा रंग द्यावा आणि भिंगे नळीला काटकोनात बसवावीत. चष्म्याच्या भिंगाची फुगीर बाजू बाहेर असावी. त्यापुढे २५ मिमी भोकाचा पुठ्ठा लावावा. प्रकाश कमी होईल, पण कडेकडून येणारे चुकार किरण अडल्याने चित्र लक्षणीय सुधारते. डोळा नेत्रिकेला चिकटवू नये: सारे किरण तिच्या मागे सुमारे २६ मिमीवर एकत्र येतात, आणि डोळा तिथे असला तरच पूर्ण दृश्य दिसते. या दुर्बिणीतून सूर्याकडे क्षणभरही पाहू नये, डोळा कायमचा जातो.

चित्र उलटे दिसेल, आकाशासाठी त्याने बिघडत नाही. गुरूचे चार मोठे चंद्र या दुर्बिणीत दिसायला हवेत. दिसले नाहीत तर आधी भिंगांना दोष देऊ नये, नळी खिडकीच्या चौकटीला किंवा तिपाईला घट्ट बांधून पुन्हा पाहावे. हाताचा कंपही २० पटच होतो.