वरात एक पाऊल मागे का जाते?

मिनीडीव्ही टेपवरचं जुनं लग्न डीव्हीडीवर उतरवलं की कधी कधी भलताच प्रकार दिसतो. मांडवात बसलेली मंडळी अगदी स्वच्छ. पण वरात निघाली किंवा कॅमेरा फिरला, की चित्र थरथरायला लागतं. खापर टेपवर फुटतं. टेप बहुतेक वेळा ठणठणीत असते. फील्डचा, म्हणजे एकाआड एक रेषांनी बनलेल्या चित्राच्या दोन अर्ध्या भागांचा, क्रम उलटलेला असतो.

आपल्याकडच्या टीव्हीच्या पाल पद्धतीत सेकंदाला 25 फ्रेम असतात आणि इंटरलेस्ड चित्रणात प्रत्येक फ्रेम दोन फील्डची. दिसणाऱ्या 576 रेषांपैकी 1, 3, 5 या वरच्या फील्डमध्ये, 2, 4, 6 खालच्या. दोन्ही फील्ड 1/50 सेकंदाच्या अंतराने टिपली जातात. डीव्हीत, म्हणजे मिनीडीव्ही टेपवरच्या चित्रणात, खालचं फील्ड आधीचं असतं, 1080 रेषांच्या इंटरलेस्ड एचडीत वरचं. टेप कॉम्प्युटरवर उतरवणाऱ्या कॅप्चर कार्डांचा मात्र नेम नाही. व्हिडिओ फाइल बनवणाऱ्या एन्कोडरला उलटा क्रम सांगितला, की 1, 2, 3, 4 हे क्षण 2, 1, 4, 3 असे दिसतात. म्हणजे नाचणारा एक पाऊल मागे जातो, मग तीन पुढे, आणि हे सेकंदाला 25 वेळा! जे हलतच नाही, त्याला याने काही फरक पडत नाही.

कॉम्प्युटरवर फ्रेम थांबवली की हलत्या हाताच्या कडेला फणीसारखे दाते दिसतात. ते बघून अनेकजण क्रम बदलायला धावतात. उगाच! क्रम बरोबर असला तरी दाते दिसणारच, कारण एका फ्रेममध्ये दोन क्षण आहेत.

खरी परीक्षा हालचालीची. एफएफएमपेग या व्हिडिओ सॉफ्टवेअरचा याडिफ फिल्टर डीइंटरलेस करतो, म्हणजे फील्ड सुटी करून पूर्ण चित्र बनवतो. तो प्रत्येक फील्डची एक फ्रेम होईल असा लावा. एकदा वरचं आधी, एकदा खालचं आधी. मग कॅमेरा फिरतानाचा तुकडा एकेक फ्रेम पुढे सरकवत बघा. ज्यात काहीही मागे जात नाही, तो खरा क्रम. फाइलवर काय नोंदलंय यावर विसंबू नका.

नुसती नोंद चुकली असेल तर सेटफील्ड फिल्टर पुरतो, तो चित्राला हात लावत नाही. फील्डऑर्डर फिल्टर वेगळा. तो चित्रच एका रेषेने सरकवतो. वरून विषम संख्येने रेषा कापल्या तरी क्रम उलटतो, हे पटकन लक्षात येत नाही. आणि डीइंटरलेस न करता उंची बदलली असेल, तर दोन्ही फील्ड एकमेकांत मिसळलेली असतात. तिथे कुठलाही फिल्टर चालत नाही. टेप पुन्हा कॅप्चर करावी लागते.