‘केमिकल नको, नॅचरल काहीतरी बघा’: छोट्या कुत्र्यांच्या पिसवांमागची पार्श्वभूमी

गणपती आले की आमच्याकडे हा विषय निघतोच. मुंबईहून चाकरमानी येतात, सोबत शिट्झू नाहीतर पग असला छोटा कुत्रा, तो पडवीत लोळतो, गोठ्यात एक चक्कर मारतो, घरच्या मांजराच्या गोणपाटावर झोपतो नि पाचव्या दिवशी मागच्या पायाने कराकरा खाजवायला लागतो. मग माजघरात बैठक. आजी म्हणते करंजेल चोळा, काका गुरांच्या गोचिडाची बाटली घेऊन हजर, वहिनीला मानेवर टाकायचे थेंब हवेत, आणि फिरून फिरून सगळ्यांचं वाक्य एकच, केमिकल नको, नॅचरल काहीतरी बघा. भांडण जुनंच आहे, बाटल्या तेवढ्या बदलल्या.

फार मागचं थोडक्यात सांगतो. 1896 ला मुंबईत प्लेग आला, माणसं बोटींनी कोकणात पळाली, नि दोन वर्षांनी कराचीत काम करणाऱ्या एका फ्रेंच डॉक्टरने दाखवलं की रोग उंदरावरची पिसू पसरवते. कुत्र्यावरची पिसू वेगळ्या जातीची, पण नाव एकच, त्यामुळे धसका दोघींचा सारखाच. दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटी ही किडे मारायची पावडर आली, मागोमाग गॅमेक्झिन. मुंग्यांना तीच, ढेकणांना तीच, नि हात लागला तर कुत्र्याच्या पाठीवरही तीच. गॅमेक्झिन म्हणजे बीएचसी, आपल्याकडे 1997 ला बंद झाली, पण नाव काही गेलं नाही, दुकानात अजून कुठलीही पांढरी पावडर मागताना तोंडात गॅमेक्झिनच येतं.

आता तो ‘नॅचरल’ शब्द, कारण सगळा घोळ तिथेच आहे. शेवंतीच्या कुळातलं एक पांढरं फूल आहे, पायरेथ्रम, ते वाळवून कुटलं की पिसू लोळवणारी पावडर होते, एकोणिसाव्या शतकात युरोपात ती डबीतून विकली जायची. म्हणजे शंभर टक्के नॅचरल. पण उन्हात हा अर्क लगेच मोडतो, म्हणून शास्त्रज्ञांनी त्याच्याच साच्यावर प्रयोगशाळेत टिकाऊ भावंडं बनवली, 1973 मध्ये परमेथ्रिन आलं, पुढे डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिन. गुरांच्या बाटलीत असतात ती हीच. मग फूल नॅचरल आणि त्याचं भावंड केमिकल? दोघं पिसवेच्या नसांवर एकाच जागी मारा करतात. आणि परमेथ्रिन कुत्र्याला चालतं पण मांजराला झेपत नाही, झटके येऊन मरतं, हे डब्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, नि आमच्याकडच्या घरात मांजर कुत्र्याला चिकटूनच झोपतं.

उलटं उदाहरणही आहे. स्पिनोसॅड नावाची कुत्र्यांची गोळी 2007 च्या सुमारास आली, लोक तिला पक्कं केमिकल समजतात, पण ते द्रव्य बनवणारा जिवाणू 1982 मध्ये कॅरिबियन बेटावरच्या एका बंद पडलेल्या रमच्या भट्टीतल्या मातीत सापडला होता. मातीतल्या जिवाणूने बनवलेलं औषध, याहून नॅचरल काय असतं! आणि तंबाखूचं पाणी? पूर्ण झाडपाल्याचं, पण निकोटिन कातडीतून शिरतं, दोन-तीन किलोच्या पिल्लाला ते विषच. सीताफळाच्या बियांची पूड तशीच, डोळ्यात गेली तर बुबुळाला जखम होते. अमेरिकेत 1996 पासून काही वनस्पती तेलांना ‘कमी धोक्याची’ म्हणून कीटकनाशकाच्या नोंदणीतून सूट आहे, आणि इथे ग्यानबाची मेख आहे, कारण नोंदणी नाही म्हणजे पिसवा मरतात की नाही हे सरकारला आधी दाखवावं लागत नाही. ‘हर्बल’ लेबल वाचताना मला हे आठवतंच.

करंजेल आणि कडुलिंबाला मी नावं ठेवत नाही. कडुलिंबातलं अझाडिरॅक्टिन किड्याची वाढ नि कात टाकणं बिघडवतं, म्हणजे अंगावर उड्या मारणारी मोठी पिसू त्याने पटकन मरत नाही, वास नि चिकटपणामुळे थोडा वेळ लांब राहते एवढंच. शिवाय लांब केसांचं छोटं कुत्रं ते दिवसभर चाटत बसतं.

माझ्या मते खरी कलाटणी 1990 च्या दशकात मिळाली, जेव्हा फिप्रोनिल आणि इमिडाक्लोप्रिड या पिसू मारणाऱ्या औषधांचे मानेवर टाकायचे थेंब आले. महिन्यातून एकदा, आंघोळीची झंझट नाही. छोट्या कुत्र्यांचा वेगळा प्रश्न खऱ्या अर्थाने तेव्हा उभा राहिला. फिप्रोनिलची सगळ्यात छोटी नळी 0.67 मिलीची, दहा किलोपर्यंतच्या कुत्र्याला एकच. म्हणजे नऊ किलोच्या बीगलला जेवढं तेवढंच दोन किलोच्या चिवावाला, किलोमागे हिशोब केला तर साडेचार पट. 2008 मध्ये अमेरिकेत पिसू-गोचिडाच्या औषधांबद्दल 44 हजारांहून जास्त तक्रारी नोंदल्या गेल्या, खाज नि लालीपासून झटक्यांपर्यंत. तिथल्या सरकारी खात्याने तपास केला, 2010 ला सांगितलं की थेंबांचा त्रास छोट्या कुत्र्यांना, साधारण साडेचार ते नऊ किलोवाल्यांना, जास्त दिसतोय, नि वजनाचे गट अरुंद करा. यावर वाद झाला. कंपन्यांचं म्हणणं की मालक मोठ्या कुत्र्याची नळी छोट्याला वापरतात, पाळणाऱ्यांचं म्हणणं की गटच चुकीचे पाडले. तक्रार म्हणजे पुरावा नव्हे हेही खरं, पण मला दुसरी बाजू जास्त पटते, कारण चूक करायला इतकी सोपी नळी बनवली कोणी?

आपल्याकडे घोळ आणखी वेगळा. इथे गुरांच्या गोचिडाचं दुसरं औषध, 12.5 टक्क्यांचं अमिट्राझ, अंदाजाने बादलीत ओततात. ते गोचिडावर आणि खरजेवर चालतं, पिसवांवर त्याचा फार उपयोग नाही, आणि छोटं कुत्रं त्याने सुस्त पडतं, नाडी मंदावते, साखर वाढते. पिसू नि गोचीड एकच समजण्याची ही किंमत. 2016 ला सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात माकडतापाची, म्हणजे गोचिडातून पसरणाऱ्या तापाची, साथ आल्यापासून तर अंगावर काहीही चालताना दिसलं की गोचीडच.

आणि औषध कुठलंही आणा, कोकणात एक गोष्ट सगळ्यांना पुरून उरते, ती म्हणजे बंद घर. पिसवेची अंडी कुत्र्यावरून गळून सारवलेल्या जमिनीच्या भेगांत पडतात, अळ्यांना दमट हवा लागते ती आमच्याकडे आहेच, मग त्या कोष विणतात आणि तयार झालेली पिसू कोषात महिनोन् महिने गप्प बसू शकते. मे महिन्यात कुलूप लावलेलं घर गणपतीला उघडलं, पावलांची धडधड नि अंगाची ऊब लागली की सगळ्या एकदम बाहेर. ना फुलाची पावडर त्या कोषाला धड भेदते ना कारखान्यातली. आमच्या पॉमला, म्हणजे पॉमेरेनियनला, एका वर्षी उवांच्या फणीने विंचरलं, फणीतले काळे कण ओल्या पांढऱ्या कागदावर झटकले, मिनिटभरात भोवती तांबूस डाग उमटले. पचलेलं रक्त ते. औषध लावून जेमतेम आठ दिवस झाले होते, कुत्र्याला थेंब लावले पण खोलीला झाडू कोणी लावला नव्हता.

2013-14 नंतर चघळायच्या गोळ्या आल्या, अफोक्सोलानर, फ्लुरालानर. परिणाम जोरदार, चाटण्याचा प्रश्न नाही, वजनाचे गटही दोन ते चार किलोपासून सुरू. 2018 मध्ये अमेरिकेत या कुटुंबातल्या औषधांना झटक्यांचा इशारा जोडला गेला, आधी फिट आलेल्या कुत्र्यांसाठी खासकरून. आमच्या तालुक्याच्या मेडिकलमध्ये सगळ्यात छोटी गोळी मागवायला लागते, मोठ्या कुत्र्याची मात्र हमखास असते. म्हणून लोक तीच आणतात आणि अडकित्त्याने चार तुकडे करतात.