वेताळ मूळचा पैठणचा

विक्रम-वेताळ म्हटलं की उज्जैनीच आठवते. पण अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने ‘कथासरित्सागर’ रचला, त्यात वेताळाला खांद्यावर वाहणारा राजा त्रिविक्रमसेन हा गोदाकाठच्या प्रतिष्ठानचा आहे. म्हणजे आपल्या पैठणचा. सोमदेवाने ज्या ‘बृहत्कथे’चा आधार घेतला, ती रचणाऱ्या गुणाढ्यालाही परंपरा पैठणच्या सातवाहन राजांच्याच दरबारात बसवते. त्याची भाषा ‘पैशाची’ नावाची प्राकृत. आख्यायिका तिला पिशाच्चांची बोली म्हणते.

भयकथेत भुताचं काम काय, हे मला या वेताळाइतकं नीट कुणीच सांगितलेलं नाही. रात्रीचं स्मशान, झाडाला लटकलेलं प्रेत. राजा ते खांद्यावर टाकतो आणि प्रेत गोष्ट सांगू लागतं. शेवटी विचारतं, यात दोष कुणाचा? उत्तर ठाऊक असून गप्प बसलास तर डोक्याची शकलं होतील. राजा बोलला की वेताळ परत झाडावर. शेवटच्या खेपेला राजाला उत्तर सापडत नाही, तेव्हा वेताळच त्याला सावध करतो: ज्या भिक्षूसाठी हे ओझं वाहतोयस, तो तुझाच बळी देणार आहे. रोज दरबारात फळ आणून देणारा, फळातून रत्न देणारा भिक्षू! घात करणारा जिवंत, वाचवणारा वेताळ.

गावाकडची भुतंही अशीच हिशेब मागणारी. मुंज झाली पण सोडमुंजीआधी गेला, तो पिंपळावरचा मुंजा. बाळंतपणात दगावली, ती हडळ. नाव घेतलं की कुणाचं काय अर्धं राहिलं ते कळतंच. पैठणच्याच एकनाथांनी सोळाव्या शतकात भारुडात झपाटणारं भूत आणलं, आणि ते निघालं प्रत्यक्ष देव.

इंग्रजीत भयकादंबरीची सुरुवात १७६४च्या ‘कॅसल ऑफ ओट्रँटो’पासून धरतात. पुढे तिथे खरं की भास, हा प्रश्न मोठा झाला. छापील मराठी भयकथेत नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांनी ही शंका फार ताकदीने वापरली. आमच्या जुन्या गोष्टींत मात्र ती नाहीच. भूत आहे, हे धरूनच चालायचं. ते का राहिलं, एवढंच विचारायचं.

भानामती, म्हणजे करणीची समजूत, हा मराठवाड्याचा दुखरा भाग, तिला गोष्टीची गंमत मानायला माझं मन घेत नाही. तिच्या नावावर बायकांनी मार खाल्ला आहे. भूत उतरवायच्या बहाण्याने बांधून मारणं २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरवलं. प्रतिष्ठानच्या राजाला वेताळाने ज्याच्यापासून जपायला सांगितलं, तो माणूस अजून फिरतोच आहे.

आमच्या आजीची भीती वेगळी होती. बारवेच्या काठावर साती आसरांचे, म्हणजे पाण्यातल्या सात देवतांचे, शेंदूर लावलेले सात दगड. हळद-कुंकू वाहून ती पोरांना एकच सांगायची, “आसरा ओढून नेतात, खालच्या पायरीवर उतरू नका.” त्या पायरीवर शेवाळ असायचं.