ॲक्सिलेटर सोडला की गाडी लगेच का बसते?

जुन्या फोर-व्हील-ड्राइव्ह गाड्यांच्या मालकांसाठी

हा फोन आम्हाला सारखा येतो. "पिकअप चांगला आहे, धूर नाही, पण ॲक्सिलेटरवरून पाय काढला की मागून कुणी धरल्यासारखी गाडी बसते. ॲव्हरेजही उतरलंय. किती खर्च येईल?" एमएम ५४० असो, कमांडर, जिप्सी की फोर-बाय-फोर कॅम्पर, याचं उत्तर आम्ही फोनवर देत नाही. का देत नाही आणि गाडी आणण्याआधी तुम्ही कोणती एक गोष्ट टाळायची, ते सांगण्यासाठी हा कागद.

थोडी जड चालणं हा या गाड्यांचा स्वभाव आहे. घरच्या कारशी तुलना करू नका. उंच, चौकोनी बॉडी वाऱ्याला सरळ छाती देते आणि वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा विरोध चौपट होतो. म्हणून ८० वरून ६० वर गाडी झटकन येते, तो बिघाड नव्हे. चिखलासाठी घातलेले मोठ्या खाचांचे टायर डांबरावर जास्त ओढतात. आणि ज्या गाडीला पुढच्या चाकांवर मोकळे होणारे (चाक एक्सलपासून सोडवणारे) हब नाहीत, तिची पुढची चाकं टू-व्हील ड्राइव्हमध्येसुद्धा पुढचे एक्सल, क्राउन-पिनियन आणि प्रॉपेलर शाफ्ट फिरवत राहतात. गियरमध्ये असाल तर इंजिनही अडवतं, म्हणून पारख करायची ती न्यूट्रलमध्ये.

त्यासाठी मोकळा, सपाट रस्ता बघा. इंजिन चालू ठेवून ४० च्या वेगात न्यूट्रल करा आणि गाडी किती लांब जाते ते हायवेच्या २०० मीटरच्या दगडांवरून बघा. वाऱ्यामुळे फसगत होते, म्हणून जाताना एकदा, येताना एकदा. ठणठणीत गाडी अंदाजे २०० मीटर तरी सहज जाते. शंभरातच थांबत असेल तर तिला काहीतरी धरतंय. हा आकडा गाडीच्या वहीत लिहून ठेवा, पुढच्या वर्षी उपयोगी पडतो. मात्र ही चाचणी तुळजापूरच्या घाटात करू नका. डिझेल वाचवायला घाट न्यूट्रलमध्ये उतरणारेही आमच्याकडे येतात. त्यांना सांगणं हेच की गियरमध्ये पाय काढला की पंप डिझेल तोडतो, न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन आयडलला डिझेल खातच राहतं. वर सगळा भार ब्रेकवर येतो.

आता मुख्य गोष्ट.

येण्याआधी कुणाकडूनही ब्रेक ढिले करून घेऊ नका.

होतं असं. गाडी वाटेत धरते, चाकातून वास येतो. रस्त्याकडेचा मिस्त्री एकतर मागच्या ब्रेकचा ॲडजस्टर (ब्रेक घट्ट-ढिला करायचा दातेरी स्क्रू) चार-सहा दात उलटा फिरवतो, नाहीतर ब्लीडिंगचं निपल (ब्रेक ऑइलमधली हवा काढायचं चाकाजवळचं छोटं तोंड) ढिलं करून ऑइलची एक पिचकारी सोडतो. गाडी मोकळी होते. तुम्हाला वाटतं काम झालं, आणि दुसऱ्या दिवशी "एकदा बघून घ्या" म्हणून आमच्याकडे येता. तोवर गाडी गार झालेली असते. अडकलेला दाब त्या पिचकारीबरोबर गेलेला असतो. जॅकवर घेतली की चारही चाकं मोकळी फिरतात. मग आम्ही शोधायचं काय? चोर पळाला आणि पावलंही पुसली गेली. अशा गाडीला ब्रेक पुन्हा नीट सेट करून, लांब फिरवून, दोष परत उभा राहीपर्यंत आमचा अर्धा दिवस जातो, तुमचाही. निपलातून हवा शिरलेली असली तर पेडल स्पंजसारखं होतं, ते वेगळंच काम.

गेल्या उन्हाळ्यात मंगळवेढ्याकडची एक कॅम्पर अशीच दोनदा आली, दोन्ही वेळा वाटेत निपल ढिलं करून. त्याआधी दुसरीकडे लायनर बदलून झाले होते, पुढचं बेअरिंगही नवं घातलं होतं. तिसऱ्या वेळी आम्ही मालकांना विनंती केली, "काका, या वेळी कुणाला हात लावू देऊ नका. हळू या, पण जशी आहे तशी या." ते आले. पुढच्या उजव्या रिमजवळ हात नेववत नव्हता, डावं कोमट. चाक जॅकवर घेतलं तर हाताने हलेना. आमच्या पोराने निपल अर्धा फेरा उघडलं, ऑइल जोरात उडालं आणि त्याच क्षणी चाक सुटलं. म्हणजे दाब आत कोंडला होता. कॅलिपर (डिस्कला चिमटा घेणारा भाग) साफ, त्यातला पिस्टन साफ. ब्रेकचा रबरी होज काढून उभा चिरला तर आतला थर फुगून भोक जवळपास बुजलेलं. पाय दाबला की जोराने ऑइल आत जायचं, पाय काढला की परत यायला वाट नव्हती. बाहेरून होजवर एक चीरसुद्धा नव्हती. तो चिरलेला होज आम्ही जपून ठेवलाय. गॅरेजला आलात की आमच्याकडे मागून घेऊन बघा.

निपल उघडून चाक सुटलं तर दोष होज किंवा मास्टर सिलेंडरकडे (पेडल दाबलं की ऑइलला दाब देणारा भाग), नाही सुटलं तर पिस्टन, शू, हँडब्रेकची केबल किंवा बेअरिंगकडे. एवढी सोपी खूण आहे, पण ती एकदाच मिळते, आणि ती आमच्यासमोर मिळायला हवी.

चारही चाकं सारखीच तापत असतील तर आमचा संशय मास्टर सिलेंडरवर जातो. पेडलला थोडी मोकळी चाल हवीच. ती नसेल तर ऑइल परत जायचं बारीक भोक बंदच राहतं, गाडी तापेल तसं ऑइल फुगतं आणि ब्रेक आपोआप लागत जातात. सोलापूरच्या मे महिन्यात हे जास्त दिसतं. थांबून गार केली की परत ठीक. "पेडल वर हवं" म्हणून पेडलचा रॉड लांब करून घेतलेल्या गाड्यांत हा दोष हमखास असतो.

एकही चाक तापत नसेल तर ब्रेक सोडा, बाकीचं बघा. उसाच्या फडातून किंवा काळ्या चिखलातून निघताना फोर-व्हील टाकलेलं असतं आणि डांबरावर आल्यावर लिव्हर मागे घेतला तरी आतलं गियर सुटलेलं नसतं. या गाड्यांच्या ट्रान्सफर केसमध्ये (पुढच्या-मागच्या एक्सलला ताकद वाटणारा गियरबॉक्स) पुढचा-मागचा एक्सल एकमेकांना जखडला जातो, दोघांमध्ये फेऱ्यांचा फरक सामावून घेणारं डिफरन्शियल नसतं. वळणावर पुढच्या चाकांना जास्त अंतर कापायचं असतं, ते घसरून जिरवायला डांबरावर जागा मिळत नाही आणि सगळ्या शाफ्टना पीळ बसतो. अशा वेळी लिव्हरवर ताकद लावू नका. गाडी सरळ रेषेत पाच-दहा मीटर रिव्हर्स घ्या, पीळ सुटतो, लिव्हर आपणहून येतो. हबला हाताचे खटके असतील तर दोन्ही बाजू सारख्या आहेत का तेही बघा.

टायर जोडीनेच बदला असं आम्ही म्हणतो ते टायर विकायला नव्हे, टायर आम्ही विकतही नाही. २३५/७० आर १६ मापाचा मागचा टायर नवा आणि पुढचा ६ मिलिमीटर झिजलेला असेल, तर पुढच्या चाकाचे किलोमीटरमागे सुमारे ७ फेरे जास्त होतात. फोर-व्हीलमध्ये हा सगळा फरक शाफ्टवर येतो. हवा कमी असली तरी गाडी ओढते, ते आधी बघा, फुकटचं काम आहे.

आवाज दाबायला एक्सलच्या हाउसिंगमध्ये ईपी ९० गियर ऑइलऐवजी १४० नंबरचं जाड ऑइल घालून आणलेल्या गाड्याही येतात. आवाज दबतो, झीज थांबत नाही, आणि सकाळी गाडी जड निघते. कंपनीने सांगितलेलंच ऑइल घाला.

आमची तपासणी दीड-दोन तासांची असते आणि तिचे पैसे आम्ही वेगळे घेतो. पुढे काम आमच्याकडे केलंत तर ते बिलातून वजा होतात. काहींना हे खटकतं. पण अंदाजाने लायनर, बेअरिंग, कॅलिपर एकामागून एक बदलत गेलं तर त्याहून कितीतरी जास्त खर्च होतो, त्या कॅम्परवाल्या काकांना विचारा. होज आम्ही दोन्ही बाजूंचे बदलतो, कारण दोघांचं वय एकच असतं. काढलेला प्रत्येक पार्ट तुमच्या हातात देतो. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदलून घ्या. ते हवेतलं पाणी शोषतं आणि पिस्टनला आतून गंज धरतो.

येताना किमान दहा किलोमीटर गाडी चालवून, गरम असतानाच आणा. शेवटचा टप्पा शक्य तितका कमी ब्रेक मारत या. चाकांवर पाणी मारू नका. एखाद्या चाकातून धूर येत असेल किंवा पेडल खाली जात असेल तर मात्र चालवू नका, जिथे आहात तिथून फोन करा, आम्ही माणूस पाठवतो. अक्कलकोट रोडवर आमच्या दारात पोचलात की हँडब्रेक ओढू नका. पहिल्या गियरात ठेवा, चाकाला दगड लावा आणि आत येऊन सांगा.